एनआयसीयूतील अखंड प्रकाशाचा अकाली जन्मलेल्या बाळावर काय परिणाम होतो?

प्रश्न (चिंतामग्न_पालक):
आमच्या बाळाचा जन्म २९व्या आठवड्यात झाला असून ते सध्या नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूमध्ये), इन्क्युबेटरमध्ये आहे. प्रकृती स्थिर आहे. परंतु विभागातील दिवे रात्रंदिवस सारख्याच प्रखरतेने सुरू असतात आणि शेजारच्या बाळाच्या फोटोथेरपीचा (काविळीवरील प्रकाश-उपचाराचा) निळा प्रकाशही आमच्या बाळाच्या चेहऱ्यावर येतो. काही सिस्टर इन्क्युबेटरवर जाड कापड टाकतात, तर काही ते काढून ठेवतात. अशा सततच्या प्रकाशामुळे बाळाच्या डोळ्यांना, झोपेला किंवा वजनवाढीला बाधा पोहोचते का? त्याच्यासाठी पूर्ण अंधार चांगला की दिवस-रात्रीचा फरक? पालक म्हणून आम्ही कोणती विनंती करणे रास्त ठरेल?

उत्तर १ (नवजात_परिचारिका):
आपली शंका अगदी योग्य आहे. पुरेशा दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील बाहुल्या प्रखर प्रकाशात आपोआप आकुंचन पावतात. मात्र ही प्रतिक्रिया गर्भावस्थेच्या साधारण ३० ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान विकसित होते. त्याआधी बाहुली प्रकाश अडवू शकत नाही, पापण्या पातळ असल्याने मिटलेल्या डोळ्यांतूनही बराच प्रकाश आत जातो आणि त्रास झाला तरी मान वळवण्याचे बळ बाळाच्या अंगी नसते. म्हणून या टप्प्यावर डोळ्यांवर थेट प्रकाश पडू न देणे ही आमच्या कामातली प्राथमिक काळजी आहे. एनआयसीयूच्या रचनेसाठी अमेरिकेत जी मानके शिफारस केली जातात, त्यांनुसार सर्वसाधारण प्रकाश १० लक्सपासून ६०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) कमी-जास्त करता आला पाहिजे, आणि तपासणीसाठी प्रत्येक बाळाजवळ असा स्वतंत्र दिवा असला पाहिजे ज्याचा झोत शेजारच्या बाळावर पडणार नाही.

कापड काढून ठेवणाऱ्या सिस्टर निष्काळजी आहेत असे कृपया समजू नका. बाळाच्या त्वचेचा बदलता रंग, श्वास घेताना छातीचे आत ओढले जाणे, नळीची सरकलेली जागा या गोष्टी डोळ्यांनीच टिपाव्या लागतात. मॉनिटर त्या सगळ्याच सांगत नाही. कापडाची एक बाजू सहज उचलता येईल अशी ठेवली आणि बाळाला हाताळण्याआधी त्याच्या डोळ्यांवर क्षणभर हाताची सावली धरली, तर दोन्ही गोष्टी साधतात.

उत्तर २ (बालरोगतज्ज्ञ):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. झोप, वजन आणि दृष्टी यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

मेंदूतील जैविक घड्याळाचे केंद्र गर्भावस्थेच्या मध्यावरच तयार झालेले असते, आणि गर्भाला दिवस-रात्रीची खूण आईच्या शरीराकडून, विशेषतः वारेतून येणाऱ्या मेलाटोनिन या रात्रीची खूण देणाऱ्या संप्रेरकामुळे, मिळत असते. अकाली जन्माने ही खूण तुटते, आणि पूर्ण दिवसांच्या बाळातही मेलाटोनिनची स्वतःची लय जन्मानंतर दोन-तीन महिन्यांनीच दिसू लागते. मधल्या काळात बाहेरून मिळणारा दिवस-रात्रीचा फरक उपयोगी पडतो, असे मानायला आधार आहे. १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रात्री प्रकाश आणि आवाज कमी केलेल्या कक्षातील बाळे घरी गेल्यानंतर अधिक झोपली आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. आवाजही कमी केलेला असल्यामुळे सारे श्रेय प्रकाशाला देता येत नाही, हे लक्षात घ्यावे. नंतरचे अभ्यासही लहानच आहेत. तरीही त्यांचा एकत्रित कल सततचा प्रखर प्रकाश आणि सततचा काळोख या दोन्हींपेक्षा दिवस-रात्रीच्या चक्राकडे झुकतो. गर्भावस्थेच्या हिशेबाने साधारण ३२ आठवड्यांपर्यंत सौम्य प्रकाश आणि त्यानंतर हळूहळू चक्र, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता डोळ्यांविषयी. अकाली जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतील मागच्या पडद्याच्या) विकाराचे, म्हणजे आरओपीचे, कारण प्रखर प्रकाश असावा अशी शंका पूर्वी होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बाळांना प्रकाश रोखणारे चष्मे लावूनही आरओपीचे प्रमाण कमी झाले नाही. त्यामुळे दिव्यांमुळे दृष्टी जाईल ही भीती मनातून काढून टाका. मात्र जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात होणारी दृष्टिपटलाची तपासणी कोणत्याही कारणाने चुकवू नका. या तपासणीसाठी बाहुल्या औषधाने मोठ्या केल्या जातात, म्हणून पुढचे काही तास बाळाला प्रकाशापासून आडोशाला ठेवण्याची आठवण जरूर करून द्यावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (चिंतामग्न_पालक):
मनःपूर्वक आभार. शेजारच्या निळ्या प्रकाशाबद्दल काय करावे? तो त्या बाळाच्या उपचाराचा भाग असल्याने बोलायला संकोच वाटतो.

उत्तर ३ (नवजात_परिचारिका):
संकोच बाळगू नका. काविळीच्या उपचारात ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश बिलिरुबिनचे (कावीळ करणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे) रूप बदलण्यासाठी वापरतात, आणि उपचार घेणाऱ्या बाळाचे डोळे पट्टीने झाकलेले असतात. आपल्या बाळाला मात्र ती पट्टी नाही. शिवाय जैविक घड्याळाला संदेश देणाऱ्या दृष्टिपटलातील पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक संवेदनशील असतात. दोन्ही खाटांमध्ये पडदा लावण्याची विनंती केल्यास शेजारच्या बाळाच्या उपचारात कसलीही बाधा येत नाही.

मुख्य परिचारिकेशी बोलताना रात्रीचे ठरावीक तास मंद प्रकाशाचे ठेवता येतील का आणि त्या वेळेत लंगोट बदलणे, तापमान घेणे यांसारखी कामे एकत्र करता येतील का, हेही विचारावे. औषध मोजण्याच्या टेबलावरचा दिवा मात्र प्रखरच हवा, कारण मंद उजेडात मात्रा चुकण्याचा धोका असतो. तेवढा दिवा बाळांच्या बाजूने झाकलेला असला की पुरे.