मदत हवी आहे: बार्बेक्यूला लोक येतील, माहितीच्या टेबलापाशी कसे येतील?

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नच्या पश्चिम भागात राहते. इथल्या कुटुंब-सहाय्य सेवेची आपल्या लोकांना ओळख व्हावी म्हणून आम्ही काही जणी पार्कात बार्बेक्यू ठेवतोय. कौन्सिलच्या विजेच्या शेगड्या फुकट मिळतात, पण त्यांवर सॉसेज भाजलेले असणार. वर फॉइल घातली तरी शाकाहारी मंडळी पनीर, कणसं खातील का? की वेगळी गॅसची शेगडी न्यावी? तिला परवानगी लागते का?

खरी अडचण वेगळीच आहे. मुलांचे प्रश्न, पैशांची ओढाताण, घरातली मारहाण, सगळ्यासाठी मदत मिळते; पण त्या टेबलापाशी कोणी उभी राहिली की लगेच कुजबुज, 'हिच्या घरी काहीतरी बिनसलंय!' त्यात सासू-सासरे आलेले असले तर बघायलाच नको. म्हणून घरगुती हिंसाचारासाठीचा १८०० ७३७ ७३२ आणि दुभाष्यासाठीचा १३१ ४५० हे नंबर स्वच्छतागृहाच्या दारांना आतून लावायचं मनात आहे. याहून बरं काही कोणी केलंय का?

आणि शनिवार ठेवावा की रविवार? रविवारी बऱ्याच मुलांची मराठी शाळा असते.