ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले बंध गावच्या योगवर्गात घ्यावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात समाजमंदिरात पहाटे मी बायांचा योगवर्ग घेते. वेचणीच्या दिवसांत वावरात वाकून वाकून कंबर धरलेली असते, म्हणून ताडासन, भुजंगासन, मकरासन आणि अनुलोम-विलोम एवढंच सावकाश करून घेते. संध्याकाळी त्याच बाया विठ्ठल मंदिरात ज्ञानेश्वरी ऐकायला बसतात. सध्या सहावा अध्याय सुरू आहे आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली.

मूळ गीतेत ध्यानाचा विधी मोजक्या श्लोकांत आहे. जागा स्वच्छ, आसन फार उंच नाही की फार खाली नाही, पाठ-मान-डोकं सरळ, खाणं-झोपणं बेताचं (६.११ ते ६.१७). एवढं वर्गात सहज बसतं. पण माउली तिथेच नाथपंथाचा सगळा अभ्यास उघडून दाखवतात, बंध म्हणजे शरीराचा एखादा भाग आवळून धरायच्या क्रियांसकट. टाचेनं शिवण (गुदद्वाराच्या पुढची जागा) दाबून मूळबंध, हनुवटी छातीशी नेऊन जालंधर, पोट आत ओढून वोढियाणा, आणि मग कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी ती कुंडलिनी. ऐकताना अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे बायांनी विचारलंच, "ताई, हे कधी शिकवणार?"

माझं प्रशिक्षण आसन-प्राणायामाचं आहे. संस्कृत येत नाही, गीताई आणि सार्थ ज्ञानेश्वरीच्या आधारानं वाचते. वर्गात बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या बाया आहेत, एकीचं पोटाचं ऑपरेशन झालंय. त्यांना पोट ओढायला लावायची माझी तयारी नाही. पण "हे आपल्यासाठी नाही" म्हणून तो भाग मिटवून ठेवणंही पटत नाही. १२९० साली माउलींनी हे मराठीत आणलं ते आमच्यासारख्यांपर्यंत पोचावं म्हणूनच ना?

आणखी एक. ओव्यांत मूळबंधाच्याच बैठकीला वज्रासन म्हटलंय. आम्ही जेवणानंतर गुडघे दुमडून बसतो ते हे नव्हे, मग कोणतं? शिवाय मंदिरातले एक काकाजी ठामपणे म्हणतात की आसनांचा आणि गीतेचा काही संबंध नाही. त्यांना काय सांगू? पतंजलीची योगसूत्रं आत्ताच सोबत घ्यावीत का?

प्रतिसाद १
ताई, हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात सिद्धासन सांगून लगेच म्हटलंय की काही जण यालाच वज्रासन म्हणतात. माउलींची बैठक टाचेची, म्हणजे त्याच जातीची. तुमचं जेवणानंतरचं वेगळं, ते तसंच चालू द्या.

बंध मात्र पुस्तकावरून नकोच. वोढियाणा, म्हणजे उड्डियान, रिकाम्या पोटी, श्वास पूर्ण सोडून बाहेरच रोखून करतात. बीपी, हर्निया, गरोदरपण, पोटाची शस्त्रक्रिया असेल तर तो टाळतात. माउली स्वतः निवृत्तिनाथांकडून, गुरूपुढे बसून शिकले. वर्गात त्या ओव्या म्हणा, अर्थ सांगा, करून घेऊ नका. यात अध्याय मिटवल्यासारखं काही होत नाही.

प्रतिसाद २
काकाजी अर्धे बरोबर आहेत. पतंजलीच्या १९५ सूत्रांतही आसनाला तीनच (२.४६ ते २.४८). पण ज्या कंबरेला घटकाभर ताठ बसवत नाही, तिनं सहावा अध्याय करायचा कसा? तुमचा पहाटेचा वर्ग त्याचीच तयारी आहे, हे त्यांना प्रेमानं सांगा.

सूत्रं आत्ताच घ्या, पण सगळी नको. अर्जुन म्हणतो मन वाऱ्यासारखं आवरत नाही, त्यावर कृष्ण अभ्यास आणि वैराग्य सांगतो (६.३४, ६.३५). पतंजलीच्या १.१२ मध्ये हीच जोडी आहे. दोन्ही एकाच दिवशी वाचा आणि मग बायांना बोलू द्या. मन कुठे कुठे पळतं यावर त्यांच्याकडे पुष्कळ असेल, तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. या आठवड्यात ६.३४-३५ आणि ते सूत्र घेते. बसायला वाकळीची घडी कमरेखाली देणार आहे. एकच शंका उरली. गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसणाऱ्या एक मावशी आहेत. आसन फार उंच नको म्हणणारा श्लोक (६.११) ऐकल्यापासून त्या जमिनीवरच बसायचा हट्ट धरतात, आणि मग उठताना दोघींना धरून उठवावं लागतं.

प्रतिसाद १
खुर्चीवरच बसवा. त्याच श्लोकात फार खाली नको असंही आहे, ते त्यांना वाचून दाखवा. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, नाही टेकले तर खाली पाट ठेवा. पाठ मागे टेकू देऊ नका.