रोज जवळ बाळगायला पोलादी रिव्हॉल्व्हर बरं की हलक्या धातूचं?

नमस्कार मंडळी. आमचा हुपरीत चांदीच्या दागिन्यांचा पिढीजात धंदा. आठवड्यातले चार-पाच दिवस माल घेऊन कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, यावं लागतं, परतताना बहुतेकदा अंधार पडतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच धंद्यातल्या एकाला रस्त्यात अडवून लुटलं, तेव्हापासून घरच्यांच्या जिवाला घोर आहे. बायको म्हणते, हत्यार नको, दिवस मावळायच्या आत या. जमेल तेवढं पाळतो.

वडिलांच्या पश्चात त्यांचं .३२ चं (हे नळीच्या छिद्राचं माप, इंचात) कानपुरी रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आलं. पोलादी, सहा गोळ्यांचं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. वस्तू खणखणीत आहे. पण दिवसभर मोटरसायकलवर कमरेला लावलं की पट्टा खाली ओढतो, संध्याकाळी कंबर धरते. गेल्या महिन्यात निम्मे दिवस ते कपाटातच राहिलं. मग परवान्याचा उपयोग काय? त्यात आपल्याकडचा पाऊस. रेनकोटच्या आत घामाने सगळं ओलं होतं. मागच्या आषाढात दोन दिवस तेलाचा हात फिरवायचा राहिला, तर नळीवर तांबूस ठिपके उठले.

म्हणून हलकं घ्यावं असं मनात आहे. कानपूरच्याच कारखान्याचं 'निर्भीक' २०१४ साली आलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमचं, .३२ चंच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोन हत्यारं चालतात, म्हणजे वडिलांचं विकायची गरज नाही. ते विकायला हात धजणारही नाही.

पण शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या मित्राने विचारात पाडलं. त्याचं म्हणणं, ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं, टायटॅनियम निम्म्याहून थोडं जास्त. पण हलक्या हत्यारांत बहुतेकदा चौकट तेवढी हलकी असते, नळीसारखे दाब झेलणारे भाग पोलादाचेच. म्हणजे तेलपाणी सुटत नाही. आणि गोळी तीच, हत्यार सातशेऐवजी पाचशे ग्रॅमचं, तर ते मागे उसळण्याचा वेग १.४ पट होणार. .३२ ची गोळी तशी मवाळ, पण पहिल्या गोळीनंतर हात पुन्हा निशाण्यावर यायला वेळ लागला तर? रस्त्यावर आजूबाजूला लोक असतात. चुकलेली गोळी कुणाला लागली तर ते पाप माझ्या माथी. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

राही सरनोबतांमुळे इथे घरोघरी नेमबाजी माहीत झाली, पण त्या खेळातलं पिस्तूल .२२ चं, त्यावर या झटक्याची सवय होत नाही. काडतुसंही परवान्यावर मोजून मिळतात.

ज्यांनी पोलादी आणि हलकं दोन्ही वर्ष-दोन वर्षं रोज वापरलंय त्यांनी कृपया सांगा: दोनशे ग्रॅमचा फरक कमरेला खरंच जाणवतो, की चांगला रुंद पट्टा आणि घट्ट बसणारं चामडी म्यान घेतलं की पोलादीही सुसह्य होतं? हलक्यावर हात बसायला किती गोळ्या खर्ची पडल्या? आणि पावसाळ्यात मोटरसायकलवर तुम्ही ते नेमकं कुठे ठेवता?