मदत हवी आहे: एनस्पायर तपासणीत सुट्या लाँड्रीची नोंद ‘आतला भाग’ म्हणून होते की ‘बाहेरचा भाग’ म्हणून?

नमस्कार.

ओहायोमधील ४८ घरांच्या एका अनुदानित गृहसंकुलाची देखभाल मी पाहते. अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण विभागाच्या, म्हणजे ‘हड’च्या एनस्पायर या पद्धतीने होणाऱ्या तपासणीची २८ दिवसांची सूचना आम्हाला मिळाली आहे. राहत्या घरांची तयारी होत आली आहे. प्रश्न आवारातल्या सुट्या बांधकामांचा आहे. आमच्याकडे गाड्यांचे वेगळे गॅरेज, गवत कापण्याचे यंत्र ठेवण्याची लाकडी शेड आणि मागच्या बाजूला लाँड्रीची एकमजली इमारत आहे.

यूपीसीएस या हडच्या आधीच्या तपासणी पद्धतीत मालमत्तेचे पाच भाग पाडले जात. २०२३ मध्ये आलेल्या एनस्पायरने ते तीनवर आणले: राहते घर, आतला भाग आणि बाहेरचा भाग. केंद्रीय नियमावलीच्या कलम ५.७०३ मध्ये सुटे गॅरेज आणि ज्यांत कोणी राहत नाही अशा इमारती बाहेरच्या भागात धरल्या आहेत, तर मुख्य इमारतीला जोडलेले गॅरेज आतल्या भागात. म्हणून गॅरेज आणि शेडबद्दल मला शंका नाही. लाँड्रीची खोली मात्र त्याच कलमात आतल्या भागाच्या यादीत आहे, आणि आमची लाँड्री तर कोणी राहत नसलेल्या स्वतंत्र इमारतीत आहे. म्हणजे दोन्ही याद्या तिला लागू पडतात.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. पाण्यापासून सहा फुटांच्या आतील प्लगना जीएफसीआय संरक्षण (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे) दोन्ही भागांत हवे. पण प्रत्येक मजल्यावर चालू स्थितीतला स्मोक डिटेक्टर असलाच पाहिजे, ही अट आतल्या भागाला आहे. गुणांतही फरक पडतो. जीवघेण्या त्रुटीसाठी बाहेरच्या भागात ४९.६, तर आतल्या भागात ५४.५ गुण वजावटीसाठी धरले जातात, आणि एकूण वजावटीला तपासलेल्या घरांच्या संख्येने भागतात.

गेल्या आठवड्यात मी स्वतः लाँड्रीची पाहणी केली. तिसऱ्या ड्रायरच्या मागे वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर गरम हवा बाहेर नेणारी चंदेरी नळी भिंतीच्या तोंडापासून निसटून जमिनीवर पडली होती आणि तिच्याभोवती राखाडी लिंटचा, म्हणजे कपड्यांतून निघालेल्या तंतूंचा, बोटभर थर साचला होता. ही जीवघेण्या वर्गातली त्रुटी आहे आणि तपासणीत सापडली असती तर २४ तासांत दुरुस्त करावी लागली असती. नळी त्याच दिवशी बसवून घेतली. आमच्या एका सल्लागारांनी मात्र तपासणीच्या दिवशी लाँड्रीला सरळ कुलूप लावण्याचा सल्ला दिला. तो मला मुळीच पटला नाही. आमचे निम्म्याहून अधिक रहिवासी वयस्कर आहेत आणि त्या खोलीत त्यांची रोज ये-जा असते. स्मोक डिटेक्टरही, नोंद कोणत्याही भागात होवो, मी बसवणारच आहे.

ज्यांच्या संकुलात अशी तपासणी होऊन गेली आहे, त्यांनी कृपया सांगावे: सुट्या लाँड्रीतील त्रुटी निरीक्षकांनी अहवालात कोणत्या भागाखाली नोंदवल्या? तिचे छप्पर व बाहेरच्या भिंती वेगळ्या, म्हणजे ‘बाहेरचा भाग’ म्हणून धरल्या का? आणि वर्गीकरण चुकल्याचे वाटल्यास अहवाल आल्यानंतर कोणी ते दुरुस्त करून घेतले आहे का?