सातवीच्या मुलांना रोजचं क्लासवर्क-होमवर्क कळवत राहायचं कसं? ग्रुपला वैतागलोय

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी. मी सहावी ते आठवीला गणित शिकवतो, सातवीच्या एका तुकडीचा क्लासटीचरपण आहे. प्रश्न साधाच आहे. वर्गात आज काय झालं, होमवर्क काय दिलं, कधी द्यायचं, चाचणी कधी, हे मुलांपर्यंत रोजच्या रोज नीट पोचवायचं कसं?

सध्या काय चालतं ते सांगतो. तास संपताना फळ्यावर लिहितो. अर्धी मुलं लिहून घेतात, अर्ध्यांचं लक्ष दप्तर भरण्यात, तेवढ्यात घंटा होते, पुढच्या तासाच्या मॅडम दारात उभ्या आणि फळा पुसला जातो. मग संध्याकाळी मी तेच व्हॉट्सॅपवर पालकांच्या ग्रुपवर टाकतो. खाली लगेच ओके सर, धन्यवाद सर, हात जोडलेले, मग कुणीतरी युनिफॉर्मचं विचारतं, त्यावर दुसऱ्या कुणाचं मत, आणि रात्री साडेनऊला हमखास मेसेज की सर आज काय दिलंय. अहो वर टाकलंय ना! पण वर म्हणजे कुठं, त्यावर एवढं काही साचलेलं असतं की मलाच सापडत नाही.

शाळेनं गुगल क्लासरूम सुरू करून दिलंय पण प्रत्येक विषयाचे शिक्षक आपापल्या पद्धतीनं वापरतात, काही जण उघडतच नाहीत. मुलांचं ठरलेलं उत्तर, आम्हाला दिसलंच नाही. काही घरांत एकच फोन आहे आणि तो रात्री वडील आल्यावरच मुलाच्या हातात येतो, हेही लक्षात घ्या. तुम्ही काय करता? नवीन ॲप सुचवू नका प्लीज, आहेत तेच पुरेत.

दोघांची_आई

सर तुमचा प्रश्न वाचून हसू आलं कारण साडेनऊला मेसेज टाकणाऱ्यांतली मी एक 😄 पण पालकाच्या बाजूनं ऐका. माझा मोठा आठवीत आहे. गणिताचं व्हॉट्सॅपवर येतं, सायन्सचं क्लासरूमवर, भाषेच्या मॅडम वहीतच लिहून देतात आणि इतिहासाचं तोंडी. म्हणजे रोज संध्याकाळी चार ठिकाणी शोधाशोध आणि तरी काहीतरी राहतंच. मला कुठलंही एकच ठिकाण चालेल, अगदी कागद चालेल, पण एकच. मुलाला ओरडायच्या आधी मलाच खात्री नसते की खरंच काही दिलंय की नाही, आणि हे त्याला बरोब्बर कळलंय!

आणि एक, मेसेजमध्ये "उद्या आणा" लिहू नका हो. मी मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, मग उद्या म्हणजे आज की परवा? सरळ वार आणि तारीख टाका.

बाक_नंबर_शेवटचा

मी शिक्षक नाही, कॉलेजात आहे, पण सातवी-आठवी फार लांब गेलेली नाही म्हणून लिहितो. सगळ्यात जास्त गोंधळ व्हायचा तो "राहिलेलं पूर्ण करा" मुळे. जो वर्गात होता त्याला माहीत असतं कुठपर्यंत झालंय. जो दोन दिवस तापानं घरी होता त्यानं काय करायचं? मित्राला विचारलं तर तो वहीचा फोटो पाठवणार, त्यात त्याचं अक्षर, त्यावर पंख्याची सावली, आणि त्यानंही निम्मंच लिहिलेलं.

आमच्या एक सायन्सच्या मॅडम होत्या त्या वेगळं करायच्या. होमवर्क सांगायच्या आधी एक ओळ असायची की आज वर्गात काय झालं. म्हणजे असं काहीतरी, "मंगळवार, धडा वितळणं-उकळणं, आकृती २ काढून झाली, प्रश्न १ ते ४ वर्गात सोडवले, ५ आणि ६ घरी, गुरुवारी वही तपासणार." एवढंच. पण गैरहजर मुलाला यातून कळायचं की आकृती काढायची आहे, १ ते ४ पण करायचे आहेत, नुसते ५ आणि ६ करून भागणार नाही. माझ्या मते होमवर्क कळवण्यापेक्षा वर्गात काय झालं ते कळवणं जास्त महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कुणी टाकत नाही.

जुनी_वही

सगळ्यांचा मान राखून जरा विरोधी बोलते. तीस-एक वर्षं शिकवून निवृत्त झाले. हे सगळं पालकांच्या फोनवर पाठवायला लागल्यापासून मुलांनी लिहून घेणं सोडलं. का लिहितील? आई बघते की ग्रुपवर. सातवीच्या वयात शिकायची गोष्ट गणित-विज्ञानाइतकीच हीपण आहे की माझं काम काय आहे हे मला माहीत हवं. डायरी द्या, तास संपायच्या पाच मिनिटं आधी शिकवणं थांबवा, सगळ्यांनी लिहिलं का ते बाकांमधून फिरून बघा. घंटेनंतर फळ्यावर लिहिलेलं कुणी वाचत नाही, तो मुलांचा दोष नाही. मी तर तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायची आणि "पुसू नये" असं वर लिहायची, पुढच्या तासाचे शिक्षकपण मग पुसत नसत.

खडू_डस्टर

@जुनी_वही मॅडम, सुरुवातीलाच लिहायची कल्पना आवडली, उद्यापासून करतो (दोघांची_आई, सॉरी, बुधवारपासून 😀). पण डायरीनं गैरहजर मुलाचा प्रश्न सुटत नाही ना. आणि काही मुलांना खरंच भराभर उतरवून घेता येत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तोंडी सगळं येतं पण फळ्यावरून वहीत एक ओळ उतरवेपर्यंत बाकीच्यांची चार होतात. त्याला डायरी लिहिली नाहीस म्हणून बोलणं मला पटत नाही. लिहून घ्यायची सवय हवीच, पण न लिहिणाऱ्याला नंतर बघायला कुठंतरी जागाही हवी.

टेक_वाले_सर

खडू_डस्टर सर, मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि क्लासरूमचं सगळं माझ्याच गळ्यात आहे त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

क्लासरूम २०१४ पासून आहे पण बरेच शिक्षक अजून ते व्हॉट्सॅपसारखं वापरतात, म्हणजे सगळं "स्ट्रीम" वर टाकतात. स्ट्रीम म्हणजे वाहती नदी, आजचं वर, कालचं खाली गेलं. होमवर्क "क्लासवर्क" टॅबमध्ये टाकायचं, तिथं टॉपिक करता येतात. टॉपिकला धड्याचं नाव देण्यापेक्षा आठवड्याच्या तारखा द्या आणि चालू आठवडा ओढून सगळ्यात वर ठेवा, मुलाला काही शोधावं लागत नाही. पोस्ट शेड्यूल करता येते, म्हणजे रविवारी बसून आठवड्याचं टाकून ठेवलं तर रोज ठरलेल्या वेळी आपोआप जातं, वर्गात काही बदललं तर तेवढीच दुरुस्ती.

आता एक मोठी भानगड, जी कुणी सांगत नाही. तुम्ही असाइनमेंट टाकली, ड्यू डेट दिली, मुलानं वहीत केलं आणि वर्गात तुम्हाला वही दिली. पण ॲपमध्ये "मार्क ॲज डन" दाबलं नाही. झालं, तारीख उलटली की लाल अक्षरात "मिसिंग". शाळेनं पालकांना ईमेल समरी सुरू केली असेल तर त्यातही तेच जाणार आणि दुसऱ्या दिवशी पालक दारात. म्हणून वहीतलं काम असेल तर मी ते असाइनमेंट म्हणून टाकतच नाही, "मटेरियल" म्हणून टाकतो, त्याला ड्यू डेट नसते, मिसिंगची भानगडच नाही. तारीख मग टायटलमध्येच लिहायची, "गुरु. १२ पर्यंत, सराव प्रश्न ५-६". तोटा एक आहे की ते मुलाच्या टू-डू यादीत येत नाही. त्यामुळे जे खरंच ऑनलाइन जमा करायचंय तेवढंच असाइनमेंट करा.

पालकांची समरी रोजची किंवा आठवड्याची निवडता येते, पण ती शाळेच्या खात्यांवरच चालते, साध्या जीमेलवर केलेल्या क्लासला ती सोय नाही. आणि पालकांना त्यातून क्लास उघडून बघता येत नाही, फक्त मेल येतो, हे पालकसभेत स्पष्ट सांगा नाहीतर सगळे लिंक दाबून वैतागतात.

ग्रुपचं तर अगदी सोपं आहे, सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं करा. धन्यवाद सर बंद. चर्चेला हवा तर दुसरा ग्रुप करा आणि त्यात तुम्ही राहू नका 😁 ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादी लागू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही आणि तुम्हाला कळतही नाही.

दोघांची_आई

टेक_वाले सर हे मिसिंगचं आमच्याकडे झालंय!! मुलगा रडकुंडीला आला होता की मी वही दिलीये. तेव्हा वाटलं थापा मारतोय 🙈

भाषावाली

मी सहावी-सातवीला भाषा शिकवते. आमच्या शाळेत क्लासरूम नाही, सगळ्यांकडे ईमेलही नाही, तर आम्ही एक साधं गुगल डॉक ठेवलंय. सगळे विषयशिक्षक त्यातच लिहितात, मुलांना आणि पालकांना फक्त बघता येतं. नवी तारीख नेहमी वर, खाली जुन्या. लिंकचा क्यूआर कोड प्रिंट करून प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय आणि वर्गाच्या दारावर पण. डॉक लांबलं की जुना मजकूर कापून दुसऱ्या डॉकमध्ये ठेवायचा, पण मुख्य लिंक वर्षभर तीच. लिंक बदलली की पालक हरवले म्हणून समजा. लिंक ज्याच्या हातात पडेल तो उघडू शकतो, तेव्हा त्यात मुलांची नावं, मार्क, "अमक्यानं वही दिली नाही" असलं काही लिहायचं नाही, हा आमचा कडक नियम.

याचा एक फायदा आधी डोक्यातच आला नव्हता. इतरांनी काय दिलंय ते आपल्याला दिसतं! मी निबंध द्यायला गेले आणि वर बघते तर त्याच दिवशी गणिताचा सरावसंच, सायन्सचा प्रयोग लिहायचा आणि इतिहासाची चाचणी. मग निबंध शुक्रवारवर ढकलला. होमवर्कबद्दल १० मिनिटांचा एक ढोबळ नियम सांगतात ना, इयत्तेला १० मिनिटं, म्हणजे सातवीला साधारण ७० मिनिटं, तेही सगळे विषय मिळून. हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये होमवर्कवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यांचंही मत या नियमाच्या जवळपासचंच आहे. आता प्रत्येक शिक्षकाला वाटतं मी तर अर्ध्या तासाचंच दिलंय. पाच जणांनी अर्धा अर्धा तास दिला की झाले अडीच. हे एकत्र लिहिल्याशिवाय कुणाला दिसतच नाही.

बाक_नंबर_शेवटचा

+१ भाषावाली मॅडम. आम्हाला वाटायचं शिक्षक मुद्दाम ठरवून एकाच दिवशी देतात 😂

जुनी_वही

हे डॉकचं मला आवडलं, त्यात निदान शिस्त आहे. पण मग एक करा, ते लिहायचं काम मुलांनाच द्या. दर आठवड्याला दोन जण. दर तासाला काय झालं ते त्यांनी एका वहीत टिपायचं आणि शेवटच्या तासाला क्लासटीचरनी नजर टाकायची. आमच्याकडे "वर्गाची वही" असायची, वर्गातच राहायची, गैरहजर मुलगा आला की आधी तीच उघडायचा. मला येऊन विचारायचा नाही, आणि विचारलं तरी मी बोटानं वही दाखवायची. ज्यांच्या घरी फोन उशिरा मिळतो त्यांचीही सोय होते.

खडू_डस्टर

हे बेस्ट आहे. म्हणजे वर्गाची वही मुलं लिहिणार, शेवटच्या तासाला मी बघून तिच्या त्या पानाचा फोटो...

टेक_वाले_सर

फोटो नको सर! फोटोत सर्च होत नाही, अक्षर लागलं नाही की पुन्हा साडेनऊचा मेसेज. चार ओळी टाइप करा किंवा फोनवर बोलून टाइप करा, मराठी व्हॉइस टायपिंग चांगलं चालतं. आकडे तेवढे तपासून बघा, प्रश्न क्रमांक कधी कधी भलताच येतो.

खडू_डस्टर

बरं, टाइप करतो. मग असं ठरवतोय. तास सुरू होतानाच फळ्याच्या कोपऱ्यात चौकट, शेवटची पाच मिनिटं डायरीसाठी, वर्गाची वही दोन मुलांकडे, आणि सगळ्या विषयांचं एक डॉक ज्याची लिंक क्लासरूमच्या क्लासवर्क टॅबमध्ये सगळ्यात वर. ग्रुपवर होमवर्क टाकणं बंद, तिथं फक्त ती लिंक पिन करून ठेवतो. बाकी विषयशिक्षकांना डॉकमध्ये लिहायला लावणं हेच अवघड जाणार आहे, भाषावाली मॅडम तुम्ही कसं जमवलंत?

भाषावाली

सगळ्यांनी लगेच नाही लिहिलं. सुरुवातीला आम्ही तिघीच लिहायचो आणि बाकी विषयांच्या रकान्यात "—" दिसायचं. मग पालकच त्या शिक्षकांना विचारायला लागले की सर तुमच्या विषयाचं काही दिसत नाही. महिन्याभरात रकाने भरायला लागले. एकच रकाना अजून रिकामा असतो, पीटीचा, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही 😄

खडू_डस्टर

😂 पिन केलेला मेसेज किती दिवस राहतो?

टेक_वाले_सर

पिन करताना विचारतं, २४ तास, ७ दिवस की ३० दिवस. ३० निवडा, दर महिन्याला परत करावं लागेल. नाहीतर लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका, ती तिथंच राहते.