तुमच्या घरात रसोड्यात कोण होतं?

ऑगस्ट २०२०. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) यशराज मुखातेनं 'साथ निभाना साथिया' या हिंदी मालिकेतल्या कोकिलाबेन या सासूनं 'रसोडे में (स्वयंपाकघरात) कौन था' म्हणत सुनेची केलेली उलटतपासणी उचलली आणि तिचं गाणं केलं. मग ढोलकीवाले, गिटारवाले, नाचणारे, ज्याला जे येतं ते त्यानं त्यात ओतलं. तुमच्यापर्यंत ते कसं पोचलं, तुम्ही त्यात काय भर घातली, मनापासून लिहा.

पेटीवाली
माझ्या शिकवण्या तेव्हा बंद होत्या. भाच्यानं व्हिडिओ पाठवला. मी पेटी पुढ्यात ओढली, आधी मालिकेतला मूळ प्रसंग लावला आणि सूर शोधत बसले. रागावलेला माणूस बोलतानाही सुरात चढतो-उतरतो. 'मैं थी, तुम थी, कौन था' हे जवळपास सारख्या वजनाचे तीन तुकडे; ठेका तिथेच दडलेला. मुखातेनं बोलण्यातले निसटते स्वर पक्क्या पट्टीवर बसवले, खाली कॉर्ड आणि ताल दिला, उत्तरात येणाऱ्या 'राशी' या दुसऱ्या सुनेच्या नावाचं ध्रुवपद केलं. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं कोकिलाबेन, अशी दुपार गेली. शिकवण्या सुरू झाल्यावर मुलांनी पहिली फर्माईश हीच केली, आणि मी ती हौसेनं शिकवली. कान असेच तयार होतात.

कोथरूडची सून
आमच्या सासूबाई ती मालिका नेमानं बघायच्या. राशीनं कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर गॅसवर का चढवला, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. मुलांना गाणं पाठ, कथा फक्त आजीला ठाऊक! त्या आठवड्यात आजीभोवती जेवढी गर्दी होती तेवढी गणपतीतसुद्धा नसते. दूध उतू गेलं की आमच्याकडे अजून कोणीतरी ओरडतंच, 'कौन था?'

सध्या दुबई
माझी आठवण फेब्रुवारी २०२१ ची. पाकिस्तानच्या दनानीर मुबीनची 'ये हमारी कार है, ये हम हैं और ये हमारी पावरी (म्हणजे पार्टी) हो रही है' ही क्लिप, आणि तिच्यावरही मुखातेचंच गाणं. माझा रूममेट लाहोरचा. त्याच्याकडची मूळ क्लिप, माझ्याकडचं गाणं. खोलीत चहा झाला की तो म्हणायचा 'ये हमारी चाय है', मी पुढचं पुरं करायचो. वाक्याचा साचाच असा, की दोन शब्द बदलले की ते आपलं होतं.

एक नोकरदार
माझा अनुभव वेगळा आहे. पावरीच्या त्याच लाटेत ऑफिसातल्या एका मैत्रिणीची मीटिंगमध्ये अडखळलेली वाक्यं कोणीतरी कापली, बीटवर टाकली आणि ग्रुपवर सोडली. सगळे हसले, मीही हसले. मालिकेतला संवाद नटीनं कॅमेऱ्यासाठी म्हटलेला असतो, हिला तर कोणी विचारलंही नव्हतं. पुढे कितीतरी दिवस तिनं मीटिंगमध्ये माइक सुरू केला नाही, चॅटमध्ये लिहायची. मी तिची माफी मागितली, पण क्लिप तोवर तीन ग्रुपांत फिरली होती.