शब्दचर्चा : पट्ट्याच्या मोकळ्या टोकावरील धातूच्या वस्तूला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :

इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन काळातील (इ. स. पाचवे ते अकरावे शतक) वस्तूंवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘स्ट्रॅप-एंड’ या शब्दापाशी मी अडलो आहे. चामड्याच्या किंवा विणलेल्या पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला बसवलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी, नक्षीदार धातूची वस्तू असा त्याचा अर्थ आहे. ‘बक्कल’ चुकीचे वाटते, ‘पट्टाग्र’ कानाला रुचत नाही, आणि एका स्नेह्यांनी जर्मन शब्दावरून ‘पट्ट्याची जीभ’ असे सुचवले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर :

‘बक्कल’ आपण नाकारलेत ते योग्यच झाले. बक्कल पट्ट्याच्या एका टोकाला असते आणि ही वस्तू नेमकी दुसऱ्या टोकाला असते. शिवाय इंग्लंडमध्ये नवव्या शतकातील या वस्तू जितक्या सापडतात त्या मानाने बक्कले फारच थोडी मिळतात, त्यामुळे त्यांतले पुष्कळसे पट्टे नुसते गाठ मारून बांधले जात असावेत. म्हणजे जिथे बक्कल नव्हतेच, तिथे ‘बक्कल’ हा शब्द वापरून आपण वाचकाच्या मनात नसलेली वस्तू उभी करू.

माझ्या मते यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, कारण ‘शेंबी’ हा शब्द मराठीत आहेच. काठीच्या खालच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीला शेंबी म्हणतात. माझ्या आजोबांच्या काठीला पितळी शेंबी होती आणि ओसरीच्या फरशीवर तिचा आवाज आला की आजोबा आल्याचे घरात कळत असे. ती शेंबी एकदा निघून पडली, तेव्हा महिन्याभरातच काठीचे टोक केरसुणीसारखे पिंजले. पट्ट्याच्या टोकावरची ही वस्तू करते तेही हेच काम : चामड्याचे किंवा विणीचे टोक ती पिंजू देत नाही, ते ओवायला सोपे करते आणि आपल्या वजनाने पट्टा सरळ लोंबत ठेवते. बुटाच्या नाडीच्या टोकावरील कडक आवरण हा तिचाच धाकटा अवतार होय. इंग्रजी शब्द वस्तूची फक्त जागा सांगतो, तर शेंबी म्हटल्याबरोबर जागा आणि काम दोन्ही समजतात.

‘जीभ’ मात्र टाळावी. जर्मन पुरातत्त्वज्ञ या वस्तूला ‘रीमेनत्सुंगे’, म्हणजे पट्ट्याची जीभ, म्हणतात हे खरे आहे, आणि जिभेच्या आकाराच्या शेंब्यांना ते नाव शोभूनही दिसते. परंतु इंग्रजीत बक्कलाच्या मधल्या काट्यालाच जीभ म्हणतात. आपला मूळ लेख इंग्रजी असल्यामुळे एकाच परिच्छेदात दोन निराळ्या वस्तूंना जीभ म्हणण्याची वेळ येईल. हंगेरियन भाषेतील शब्दाचा सरळ अर्थ ‘पट्ट्याचे टोक’ असा आहे. ‘पट्टाग्र’ त्याच्या जवळचा आहे, पण त्यात धातू कुठेच दिसत नाही. पट्टाग्र म्हणजे पट्ट्याच्या चामड्याचेच टोक असे कोणीही समजेल.

जुन्या शस्त्रांच्या वर्णनात येणारा ‘तहनाळ’ हा शब्दही कोणी सुचवण्याची शक्यता आहे. तो सुंदर शब्द आहे, पण तलवारीच्या म्यानाच्या खालच्या टोकावरील टोपणासाठी तो ठरलेला आहे, जसा म्यानाच्या तोंडावरील पट्टीसाठी ‘मोहनाळ’ ठरलेला आहे. अँग्लो-सॅक्सन म्यानांनाही अशी टोपणे असत, तेव्हा तहनाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

आता नक्षीविषयी, कारण अनुवादात खरी कसोटी तिथे लागते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये सेंट ऑस्टेलजवळ ट्रेव्हिडल येथे १७७४ साली कथिलाच्या शोधात माती धुणाऱ्या कामगारांना चांदीच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यातील नाण्यांवरून तो इ. स. ८६८ च्या सुमारास पुरला गेला असे ठरवले जाते. (त्या वेळी आपल्याकडे राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करीत होता.) या साठ्यावरून नवव्या शतकातील एका शैलीला ‘ट्रेव्हिडल शैली’ हे नाव मिळाले आणि शेंब्यांवर ती फार आढळते. अशी शेंबी साधारण ४ ते ५ सेंमी. लांब आणि सुमारे १ सेंमी. रुंद असते. तिचे वरचे टोक दुभंगलेले असते. त्या चिरेत पट्टा सरकवून दोन रिबिटांनी पक्का करतात. दोन रिबिटांच्या मध्ये बहुधा पंख्यासारखे पान कोरलेले असते. मधल्या चौकटीत अंग मुरडलेला, मागे वळून पाहणारा एखादा प्राणी असतो आणि त्याच्या अंगावर बारीक टोचे मारलेले असतात. खालच्या टोकाला वरून पाहिल्यासारखे दिसणारे प्राण्याचे मुख असते. त्याचे कान स्वल्पविरामासारखे वळलेले असतात. याला ‘प्राणिमुखी शेंबी’ म्हणावे. मुख कोणत्या प्राण्याचे ते बहुतेक वेळा ओळखू येत नाही, म्हणून ‘सिंहमुखी’ किंवा ‘व्याघ्रमुखी’ हे आपल्या तोंडात बसलेले शब्द येथे वापरू नयेत.

प्राण्याभोवतीची खोलगट जागा चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून होणाऱ्या काळ्या द्रव्याने भरतात. त्या कामाला ‘निएलो’ म्हणतात. मराठी अनुवादात त्याला ‘बिदरी काम’ म्हणण्याचा मोह होईल, कारण दोन्हीकडे काळ्या-पांढऱ्याचाच खेळ आहे, पण रीत नेमकी उलटी आहे. बिदरीत जस्ताच्या मिश्रधातूचे अंग काळे करतात आणि चांदी त्यात ठोकून बसवतात. निएलोत अंग चांदीचे असते आणि काळे द्रव्य त्यात भरतात. ‘निएलो’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी एक वाक्य खुलाशाचे द्यावे.

प्रतिप्रश्न :

आभारी आहे. दोन शंका आहेत. काठीची शेंबी गोल टोपीसारखी असते आणि ही वस्तू चपटी व दुभंगलेली आहे, मग शेंबी म्हणणे कितपत योग्य ठरेल? आणि पट्ट्यावरील सर्वच धातुकामासाठी एक सामान्य शब्द कोणता घ्यावा?

उत्तर :

पहिली शंका रास्त आहे. आकार वेगळा आहे हे मान्यच करावे लागते, पण शब्द आकाराला चिकटलेला नाही, कामाला चिकटलेला आहे. लेखात पहिल्यांदा ‘पट्ट्याची चपटी शेंबी’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘शेंबी’ लिहावे. पट्टा अगदी अरुंद आणि चामड्याचा आहे हे निश्चित असेल, तर ‘वादीची शेंबी’ अधिक नेमके ठरेल. मात्र काही शेंब्यांच्या चिरेत कापडाचे धागे टिकून राहिलेले आढळले आहेत, म्हणून सरसकट ‘वादी’ लिहू नये.

सामान्य शब्द म्हणून मी ‘साज’ सुचवीन. घोड्याचा साज आपण म्हणतोच, आणि त्यात उपयोग व शोभा दोन्ही येतात. पण साज म्हणजे संच, एकटी शेंबी म्हणजे साज नव्हे, हे भान ठेवावे. इ. स. ५६८ मध्ये कार्पेथियन खोऱ्यात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या परिसरात, आलेल्या अवार या भटक्या घोडेस्वार लोकांच्या थडग्यांत कमरपट्ट्याचे बक्कल, पट्ट्यावर बसवलेले धातूचे पत्रे, मुख्य पट्ट्याची मोठी शेंबी आणि त्यावरून लोंबणाऱ्या उपपट्ट्यांच्या छोट्या शेंब्या एकत्र सापडतात. आठव्या शतकात त्यांवर ओतीव ग्रिफिन (सिंहाचे धड आणि गरुडाचे डोके असलेले काल्पनिक प्राणी) आणि वेली असतात. तिथे ‘पट्ट्याचा साज’ हा शब्द अगदी फिट बसतो. इंग्लंडमधील शेंब्या बहुतेक नांगरलेल्या शेतांत धातुशोधक यंत्राने एकट्यादुकट्या मिळतात, तिथे ‘सुटी शेंबी’ म्हणावे.

आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांच्या तलवारीच्या पट्ट्यावर तीन पाकळ्यांची एक वस्तू असे, जिच्यात तीन पट्टे येऊन मिळत. तिला ‘तीन पाकळ्यांचा पट्टाजोड’ म्हणावे. नॉर्वेतील हून येथे १८३४ साली सापडलेल्या सोन्याच्या साठ्यात असा एक मोठा सोन्याचा जोड आहे, पण तिकडे पोहोचल्यावर तो वस्त्रावर लावण्याची पिन झाला. स्कँडिनेव्हियातील स्त्रियांनी पुढे त्याच घाटाच्या पिना घडवून घेतल्या. अशा वस्तूचे नाव लिहिताना ‘मुळात पट्टाजोड, नंतर पिन’ हा क्रम वाक्यात राहू द्यावा.

आणखी एक सूचना अशी की, धातूची तपासणी झालेली नसेल तर ‘पितळ’ किंवा ‘कासे’ लिहू नये, ‘तांब्याचा मिश्रधातू’ लिहावे. आपल्या लेखातील चित्राखाली मी असे लिहिले असते : ‘पट्ट्याची चपटी, प्राणिमुखी शेंबी, चांदी, निएलो भरलेली, नववे शतक, ट्रेव्हिडल शैली, वरच्या चिरेत दोन रिबिटे.’